जिभेला कुलूप

तात्यांचा उभा जन्म बसमध्ये उभं राहण्यात गेला. कंडक्टर माणूस. ‘यांच्या पायांपेक्षा तोंड जास्त चालतं,’ असं त्यांची बायको म्हणायची आणि ते काही खोटं नव्हतं. भरल्या बसमध्ये त्यांचा आवाज पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत जायचा. ‘चला, पुढे सरका, मध्येच काय पंगत मांडलीय?’ ‘बसा आजी, ही सीट तुमच्याच नावानं राखून ठेवली होती.’ भांडायला चढलेला माणूसही त्यांच्या बसमधून हसत उतरायचा.

मग नोकरी संपली, बायको गेली आणि बोलायला समोर भिंती उरल्या. तेव्हा लेकीने त्यांना परदेशात आपल्याकडे आणलं. लेकीला घरात बेबी म्हणत. बेबी आता चांगली पोक्त बाई झाली होती, दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या घडवत होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. आल्या आल्या तिने बापाच्या तोंडाचं माप घेतलं आणि आपल्या हाताने त्यांना दात करून दिले. तात्यांना त्याचं कोण कौतुक! जावयाला दहादा सांगून झालं, ‘लोक पोरींना खायला घालतात. माझ्या पोरीनं मला खायला दात दिले.’

जावई औषधांच्या मोठ्या गोदामात थंडाव्याची यंत्रं सांभाळायचा. त्याचा स्वभावही त्या गोदामासारखाच, गार. वाईट बोलायचा नाही, कारण बोलायचाच नाही. बाहेर तर दुकानदाराचं अक्षर कळत नव्हतं की शेजाऱ्याचं. तात्या पहिल्याच महिन्यात परत फिरले असते, पण नातीने पाय बांधून ठेवले. पाच वर्षांची नात. तात्या तिला ठकी म्हणत.

आईबाप कामावर गेले की गॅलरीत खुर्च्या एकामागे एक लागत आणि बस सुटे. कंडक्टर बहुतेक ठकीच असायची.

‘कुठं जायचं, आजोबा?’

‘चंद्रावर. एक फुल, एक हाफ.’

‘ही बस चंद्रावर जात नाही. मागच्या बसनं या.’

‘अहो मास्तर, मागची बस कधीच येत नाही!’

‘मग चढा. पण दारात उभं राहू नका, पडलात तर आम्ही जबाबदार नाही.’ आणि मग तोंडानेच टिंग टिंग, डबल बेल.

त्या गॅलरीत पोरीची जीभ अशी काही सुटली की बेबी कपाळाला हात लावायची. ‘तात्या, तुमची वटवट हिला लागली हो.’ तात्या वरवर रागावायचे. आतून मात्र त्यांना वाटायचं, चला, शेत नाही, घर नाही, पण आपलं काहीतरी मागे राहणार. या पोरीच्या तोंडात राहणार.

मग ठकीच्या शाळेचं निघालं.

मुलगी बघायला जातात तशी त्या शहरात परदेशी माणसं शाळा बघायला जायची. सुट्टीच्या दिवशी कपडे करून, चेहरा करून. बघितलेल्यांत तीन शाळा उरल्या. एक आपल्याच देशातल्या लोकांनी चालवलेली, पण ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे जाणारं मूल निघतानाही झोपेत आणि परतताना तर त्याहून. दुसरी गल्लीच्या तोंडाशी, सरकारी, इथल्या लोकांच्या भाषेतली. आणि तिसरी टेकडीवरची, इंग्रजी. तिथे देशोदेशीची मुलं, काचेच्या भिंती, पोहायचा तलाव. तिथून निघालेलं मूल जगात कुठेही नेऊन ठेवा, तिथलंच वाटतं, असं म्हणत.

असं म्हणत म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मॅनेजरीणबाई म्हणत. त्यांचे यजमान जावयाचे साहेब, आणि त्यांचा बाब्या टेकडीवरच्या शाळेत. त्यामुळे शाळेच्या बाबतीत बाई म्हणतील ती पूर्व दिशा. एक दिवस त्या खाली आल्या, सोफ्यावर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, “सगळ्यात आधी घरातली आपली भाषा बंद.”

“बंद म्हणजे?” बेबीने विचारलं.

“बंद म्हणजे बंद. पोरीच्या तोंडून आपला एक शब्द निघाला ना इंटरव्ह्यूत, की कटाप. त्यांना कान असतात, कान! बाब्याच्या वेळी मी त्याला आजीच्या फोनवरसुद्धा येऊ दिलं नाही.”

“मग आजी जिवंत आहे ना?” तात्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले.

“तात्या!”

मॅनेजरीणबाई हसल्या, पण फक्त ओठांनी. “वडील गमतीदार आहेत हो तुमचे. इंटरव्ह्यूच्या दिवशी तेवढं त्यांना लांब ठेवा.”

बाई गेल्यावर बेबी पाठमोरी होऊन कप विसळायला लागली. मग तशीच, न वळता म्हणाली, “तात्या, एक मागू?”

“माग की. पेन्शन सोडून काहीही माग.”

“इंटरव्ह्यू होईपर्यंत ठकीशी आपल्या भाषेत बोलू नका.”

“मग कुठल्या बोलू? माझं इंग्रजी फुल, हाफ आणि नो स्टँडिंग. तेवढ्यात तर बससुद्धा सुटत नाही.”

“बोलूच नका मग. थोडे दिवस. तिच्या जन्माचा प्रश्न आहे.”

तात्या हसले. “म्हणजे दात दिलेस आणि जीभ मागतेस?”

बेबी हसली नाही. तेव्हा तात्यांनीही हसू गिळलं आणि म्हणाले, “दिली.”

आता तात्यांची एक खोड होती. सांगितलेलं काम नुसतं करून त्यांचं भागत नसे, त्यात ते पदरचे चार आणे घालायचे. वरून हुकूम आला की फुटबोर्डवर माणूस घेऊ नका, तर हे दाराजवळसुद्धा उभं राहू द्यायचे नाहीत. इथेही तेच झालं. पोरीला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी त्याचा खेळ केला.

“ठके, हे बघ कुलूप.” त्यांनी आपल्या ओठांवर चिमूट धरून किल्ली फिरवली. मग तिच्या ओठांवर फिरवली. किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरून थोपटली. “आता आपली भाषा आत कोंडली. इंग्रजी बोल हवं तेवढं. पण ही भाषा मी किल्ली फिरवल्याशिवाय बाहेर काढायची नाही. लोक फसवायला येतील बरं का! बाहेरचे सांगतील, आई सांगेल, बाबा सांगतील, बोल ग, बोल ग. बोलायचं नाही. जो आधी बोलला तो हरला.”

“तुम्ही पण?”

“मी पण.”

ठकीने डोळे मोठे केले, ओठ घट्ट मिटले आणि मान डोलावली. पोर आजोबांवर गेली होती. दिला शब्द म्हणजे दिला.

घर चिडीचूप झालं. इंग्रजी बोलायचं ठरलं खरं, पण बेबीचं इंग्रजी दवाखान्यापुरतं. लाड करायला ते पुरत नसे आणि रागवायलाही पुरत नसे. मग लाडही आटले आणि रागवणंही आटलं. ‘कम, ईट,’ ‘शूज,’ ‘स्लीप’ एवढ्यावर संसार चालला. जावयाला काही फरक पडला नाही. तो आधीपासूनच मुका. गॅलरीतली बस मात्र सुटायची. पण मुक्याची बस ती. ठकी कपटा फाडून द्यायची, तात्या सलाम ठोकून घ्यायचे, आणि खुर्च्यांवर दोघं मागेपुढे बसून राहायचे. कुठे जायचंय, कुणी विचारायचं नाही.

एकदा उंबऱ्याला अडखळून ठकी तोंडावर पडली. गुडघा सोलला. तोंड उघडलं, ‘आई ग’ ओठापर्यंत आलेलं तात्यांना दिसलं, आणि पोरीने ते तिथून परत गिळलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण आवाज नाही. तात्यांचा हात खिशाकडे गेला. त्यांच्या मनात आलं, चुलीत गेली ती शाळा. पण आतून बेबी धावत आली आणि हात तिथेच राहिला.

इंटरव्ह्यूला ठकी तात्यांचा हात सोडेना, म्हणून त्यांनाही गाडीत घेतलं. फाटकाशी बेबी म्हणाली, “तुम्ही समोर स्टॉपवर बसा. आत नको.” ठकीने जाताना वळून पाहिलं. तात्यांनी ओठांवर बोट टेकलं आणि खिसा थोपटला. धीर धर, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ठकीने ओठ आणखी घट्ट केले आणि ती आत गेली.

तात्या बसस्टॉपवर बसले. जागा ओळखीची वाटली, तेवढंच सुख. गाड्या येत होत्या, जात होत्या. एक म्हातारी हात करत पळत येत होती आणि तिच्या तोंडावर ड्रायव्हरने गाडी काढली. तात्यांच्या तोंडून निघूनच गेलं, “अरे थांब की मुडद्या! डोळे आहेत का बटाटे?”

शेजारी फिसकन कुणीतरी हसलं. खांद्याला पिशवी लावलेली मध्यमवयाची बाई नुकतीच फाटकातून येऊन तिथे टेकली होती. “आजोबा, आपल्याकडचे?”

तात्यांच्या मनाचा बांधच फुटला. कुठल्या तुम्ही, कधी आलात, काय करता, सगळं एका दमात विचारून झालं.

“या शाळेत बोलावतात मला अधूनमधून,” बाई म्हणाली. “आपल्याकडचं मूल आलं, की त्याच्याशी आपल्या भाषेत बोलायला.”

“आपल्या भाषेत? तिथे तर इंग्रजी लागतं ना?”

“छे हो. इंग्रजी शिकवायला शाळा बसलीय की. मोठ्या बाईंचं म्हणणं, ज्या पोराला घरची भाषा झकास येते त्याला दुसरी यायला वेळ लागत नाही. म्हणून आईबापांना बाहेर बसवतात आणि पोराला आधी त्याच्या भाषेत बोलतं करतात. मागे एक पोरगा आला होता, काय वात्रट! मला म्हणतो, ‘ए टवळे, सोड मला, नाहीतर चावेन.’ मोठ्या बाईंनी विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं. त्या हसून हसून लाल! म्हणाल्या, याला घ्या.”

वरच्या मजल्यावरचा बाब्या जिन्यात रोज हेच बोलायचा, अगदी याच चालीवर. तात्यांनी घाईने विचारलं, “आणि आज?”

“आज एक पोरगी होती. गोड दिसायला. पण आजोबा, तोंडच उघडलं नाही हो. चित्रं दाखवली, गोष्ट सांगितली, शेवटी म्हटलं, नाव तरी सांग. नुसती मान हलवते आणि इथे,” बाईने छातीवर खिशाच्या जागी हात ठेवला, “इथे बोट दाखवते. मोठ्या बाईंनाही कसंतरी झालं. म्हणाल्या, हिच्याशी घरात कुणी बोलतच नसेल. असतात अशी घरं. आली माझी बस. येते हं, बरं वाटलं तुमच्याशी बोलून.”

ती माझी नात, एवढं म्हणायलासुद्धा तात्यांची जीभ उचलली नाही. बस गेली तसे ते उठले आणि फाटकाकडे जवळजवळ धावले. पहारेकरी आडवा आला. तात्यांनी खिसा दाखवला, ओठांवर किल्ली फिरवून दाखवली, आतल्या इमारतीकडे हात केले. ‘हाफ,’ ते म्हणाले. ‘माय हाफ. इनसाइड.’ पहारेकरी सभ्य होता. त्याने त्यांना दंडाला धरून हळूच रस्ता ओलांडून दिला आणि बसस्टॉपवर नेऊन बसवलं.

गाडीत बेबी रडत होती आणि रडता रडता बोलत होती. आपल्याच भाषेत. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

“म्हणे पोर कुठल्याच भाषेत बोलत नाही. म्हणे डॉक्टरला दाखवा. म्हणे घरी तुमच्या भाषेत भरपूर बोला हिच्याशी, मग पुढच्या वर्षी बघू. अहो, मला आत बोलावल्यावर मी हिला सांगितलं, बोल ग बाई, आपल्या भाषेत बोल! तर माझ्याकडे बघून मान हलवते. जसं काही मी हिला फसवतेय!”

जावयाने आरशातून मागे पाहिलं. “तात्या, तुम्ही काही सांगितलं होतं तिला?”

“कुलूप लावलं होतं,” तात्या म्हणाले. “मी किल्ली फिरवल्याशिवाय बोलायचं नाही, असं.”

बेबी गर्रकन वळली. “मी नुसतं बोलू नका म्हटलं होतं! कुलूप लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? प्रत्येक गोष्टीचं नाटक, प्रत्येक गोष्टीचा तमाशा! जन्मभर तेच केलंत!”

तात्यांनी मान खाली घातली. त्यांच्या दंडाला काहीतरी लागलं. ठकी त्यांच्या खिशाकडे बोट करत होती. तोंड अजून मिटलेलंच. त्यांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि तिच्या ओठांवर फिरवली.

“तात्या, मी जिंकले ना?” ठकी म्हणाली. “सगळ्यांनी फसवलं. आईनं पण फसवलं. मी बोललेच नाही.”



सुट्टीच्या दिवशी मॅनेजरीणबाई समाचाराला आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “अहो, ते तसंच सांगतात. घरची भाषा बोला म्हणे! म्हणजे पुढच्या वर्षीही नाही म्हणायला मोकळे. बंदी उठवू नका, आणखी आवळा. तोवर गल्लीतल्या शाळेत घाला, नाइलाज आहे.”

तात्या म्हणाले, “बाई, तुमचा बाब्या आत काय बोलला होता, ते सांगू का?”

“तात्या, आत जा,” बेबी म्हणाली. बाई काही साध्या शेजारीण नव्हेत, साहेबीणबाई, हे त्या दोन शब्दांत आलं. तात्या आत गेले. पुढे त्यांनी बेबीला स्टॉपवरची सगळी हकिगत सांगितली, पण ती म्हणाली, “रस्त्यावरची कुणी बाई काहीही सांगेल. बाईंचा मुलगा आत आहे, आपली बाहेर आहे. कोणाचं ऐकू मी?” मुलगा खरोखरच आत होता.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर बेबीने समोर न बघता म्हटलं, “तात्या, आणखी एक वर्ष. ठकीशी आपलं बोलू नका.”

तात्यांनी घास खाली ठेवला. तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, खालची काढली, आणि दोन्ही बेबीच्या ताटाशेजारी ठेवल्या.

“घे,” ते म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत होते आणि गाल आत गेले होते, क्षणात दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले. “तुझे दात तुला. माझी जीभ मला.”

ठकी खुदकन हसली. बेबी हसली नाही, रडलीही नाही. कवळीकडे बघत बसली. तिच्याच हातची. एकेक दात घासून, बापाच्या जुन्या फोटोशी ताडून बसवलेला. शेवटी जावईच बोलला. सासऱ्याशी तो घरात पहिल्यांदाच इतकं लांब बोलला असेल. “बोला तात्या तुम्ही. काय व्हायचं ते होऊ दे. दात घाला, जेवण गार होतंय.”

तात्या जिंकले. असं त्यांना वाटलं.

ठकी गल्लीतल्या शाळेत जायला लागली. पोर हुशार. झाडाला पालवी फुटावी तशी इथली भाषा तिला फुटली. तात्या तिला रोज सोडायला जायचे आणि सारा रस्ता बोलायचे, राहिलेल्या दिवसांची भरपाई केल्यासारखे. आधी ठकी उत्तरं द्यायची. मग अर्धी उत्तरं आपली आणि अर्धी इथली झाली. मग ती नुसतं ‘हं’ म्हणायला लागली. गॅलरीतल्या खुर्च्यांवर कपडे वाळायला लागले. तात्या मनाला समजवायचे, पोर दमते.

थंडी पडायला लागली होती. एक दिवस फाटकाशी ठकीच्या दोन मैत्रिणी तिची वाट बघत उभ्या होत्या. तात्या रंगात आले होते. “चला, चला, पुढे सरका! शाळा आली, शाळा! उतरून घ्या मास्तरीणबाई! टिंग टिंग!” आवाज जुना, भरल्या बसचा. रस्त्यावरच्या आया वळून बघायला लागल्या. मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकीने तोंडावर हात धरला.

ठकी थांबली. तिचे कान लाल झाले. तिने तात्यांना हाताने खाली वाकवलं. त्यांना वाटलं, पापा देतेय, आणि त्यांनी गाल पुढे केला. तिने त्यांच्या ओठांवर चिमूट धरली, किल्ली फिरवली आणि आपल्या कोटाच्या खिशात टाकली. वरून थोपटली. मग मैत्रिणींकडे धावत गेली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. तिघीही हसल्या.

दुपारी शाळा सुटायच्या वेळी तात्या फाटकाशी उभे होते. ठकी बाहेर आली, दप्तर त्यांच्या हातात दिलं आणि पुढे चालायला लागली. किल्लीची तिला आठवणही नव्हती. तात्या तिच्या मागे घरापर्यंत गेले, आणि दिलेला शब्द पाळावा तसे वाटेत एक अक्षर बोलले नाहीत.